एलईडी मॅट्रिक्स पॅनल जोडताय? या चुका टाळा, आणि कोडला हात लावायच्या आधी व्होल्टेज मोजा

पाडव्याच्या स्वागतयात्रेसाठी आमच्या चित्ररथावर ६४ बाय ३२ पिक्सेलची चार रंगीत पॅनल्स ईएसपी३२ या छोट्या कंट्रोलर बोर्डवर चालवायची होती. आदल्या रात्री नौपाड्यात मित्राच्या बिल्डिंगखाली सगळं लावून बघितलं तर लाल अक्षरं एकदम झकास, पण पांढरा रंग लावला की शेवटची दोन पॅनल्स गुलाबी दिसायला लागली. मी दोन तास कोडमध्ये रंगांचा क्रम बदलत बसलो. शेवटी मित्राने मल्टीमीटर लावला तेव्हा कळलं, एसएमपीएसवर, म्हणजे पॉवर सप्लायवर, ५ व्होल्ट आणि पॅनलच्या स्क्रूपाशी जेमतेम ४.१.

कारण साधं आहे, लाल एलईडीला २ व्होल्टच्या आसपास पुरतात पण हिरव्या-निळ्याला ३ च्या आसपास लागतात, त्यामुळे व्होल्टेज पडलं की आधी तेच मंद होतात आणि पांढऱ्यात लाल उरतो. असं एक पॅनल फुल पांढऱ्यावर ४ अँपिअरपर्यंत खातं, म्हणजे शेवटच्या दोघांचे ८, आणि आम्ही ते अर्ध्या चौरस एमएमच्या एकाच बारीक वायरजोडीवरून दीड मीटर नेले होते. मग प्रत्येक पॅनलला दीड चौरस एमएमची वेगळी जोडी थेट एसएमपीएसवरून दिली आणि गुलाबीपणा गेला, कोडची एक ओळही बदलावी लागली नाही. चार पॅनल्सना ५ व्होल्ट २० अँपिअरचा एसएमपीएस घ्या, आणि मोजताना सगळं पांढरं करून पॅनलपाशीच मोजा, एसएमपीएसवर मोजून काही कळत नाही.

बोर्ड लॅपटॉपच्या यूएसबीवर आणि पॅनल एसएमपीएसवर असेल तर दोघांचे ग्राउंड जोडलेच पाहिजेत, नाहीतर नुसता कचरा दिसतो.

काहीच लागत नसेल तर आधी पॅनलची मागची बाजू बघा. दोन्ही सॉकेट सारखेच दिसतात, पण बोर्डकडून येणारी चपटी एफआरसी केबल इनपुटलाच हवी, बाण इनपुटकडून आउटपुटकडे असतो. दुकानांच्या पाट्यांवरचं एकरंगी पी१० घेतलं असेल तर त्याचं सॉकेटही १६ पिनचंच, पण त्याची पिनजोडणी हब१२ प्रकारची आहे, रंगीत पॅनलची हब७५. केबल बसते म्हणून चालेल असं अजिबात नाही.

वायरिंग बरोबर असून पॅनल काळंच राहिलं तर चिप्सवरचा नंबर वाचा, एफएम६१२६ए असेल तर तिला सुरुवातीला वेगळी सेटिंग पाठवावी लागते, पॅनल चालवणाऱ्या लायब्ररीत (तयार कोडमध्ये) या ड्रायव्हर चिपचं नाव द्या. ६४ बाय ६४ ला ओळ निवडणारी जास्तीची ई पिन जोडायला विसरू नका.

एफआरसी केबल काढली की बोर्ड चालू होतो आणि लावली की होत नाही, असं झालं तर संशय बोर्डच्या जीपीआयओ १२ या पिनवर घ्या. ईएसपी३२ ची डीएमए लायब्ररी डीफॉल्टमध्ये जी२ (पॅनलची हिरव्या रंगाची दुसरी डेटा लाइन) तिथेच देते, आणि बोर्ड सुरू होताना ती पिन हाय राहिली तर फ्लॅश मेमरीचं व्होल्टेज चुकीचं ठरतं. जी२ दुसऱ्या पिनवर घ्या, कोडमध्येही बदला.

पिक्सेल चमचमत असतील तर केबल वीतभरच ठेवा, आणि तरी थांबलं नाही तर मध्ये ७४एचसीटी२४५ ही चिप टाका, बोर्डचा ३.३ व्होल्टचा सिग्नल ५ चा होतो.

आणि आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं, मराठी मजकूर. नेहमीच्या ग्राफिक्स लायब्ररीला जोडाक्षरं जुळवता येत नाहीत, 'हार्दिक' मधली वेलांटी द च्या आधी न येता नंतर येते आणि रफार सुटतो. मोठ्या उत्सवात असं तुटकं मराठी दिसलं की फार वाईट वाटतं. म्हणून अख्खी ओळ कॉम्प्युटरवर ३२ पिक्सेल उंचीत टाइप करा, वर वेलांटीला आणि खाली उकाराला जागा सोडा, आणि तिचा बिटमॅप करून सरकवा.