दोन तारांवर दोन्हीकडून वाजणारी घंटा: आधी काय जुळवून ठेवावे

तळाच्या पंपघरातून गच्चीवर आणि गच्चीवरून पंपघरात घंटा वाजावी, एवढीच आमच्या गिरगावातल्या इमारतीची गरज होती. पंपघरात मोबाइलला रेंज मिळत नाही आणि चार मजले ओरडून बोलणे आता कोणालाच झेपत नाही. पहिल्या खेपेस मी हे काम अंदाजपंचे केले आणि सेलचा डबा वितळवून बसलो.

आधी कागदावर आकृती काढावी. प्रत्येक टोकाला एक घंटा, एक बटण आणि सहा व्होल्टची एक बॅटरी, मध्ये तारेचे फक्त दोन पदर. बॅटरी एकच ठेवायची म्हटली तर तिसरा पदर ओढावा लागतो, त्यापेक्षा वर आणखी चार सेल ठेवणे सोपे. बटण मोकळे असताना पहिला पदर घंटेला जोडलेला राहावा आणि बटण दाबताच तो घंटेपासून सुटून बॅटरीच्या प्लसला लागावा; घंटेचे दुसरे टोक आणि बॅटरीचा मायनस हे दोन्ही दुसऱ्या पदरावर. म्हणजे आपली घंटा गप्प राहते आणि समोरची वाजते. तारयंत्रावर काम करणाऱ्या श्टाइनहाइल या जर्मन शास्त्रज्ञाने १८३८ साली परतीच्या तारेऐवजी जमीन वापरून दाखवली, हे वाचून दुसरा पदरही वाचवण्याचा मोह होतो, पण इमारतीच्या अर्थिंगला हात लावू नये. ते जीव वाचवण्यासाठी असते. नळाचा पाइपही नको, तो मध्येच कुठेतरी प्लास्टिकचा झालेला असतो.

आता खूण. तार ओढण्यापूर्वी एकाच पदराच्या दोन्ही टोकांना लाल टेप गुंडाळावी. लोहार चाळीतून मी दोन्ही पदर काळे असलेली तार आणली आणि वर गेल्यावर कोणता पदर कोणता हे मनानेच ठरवले. प्लस-मायनस उलटे लागले, पण जुन्या चुंबकी घंटेला उलटसुलट कळत नाही, त्यामुळे चाचणीत सगळे ठीक दिसले. पुढे एका संध्याकाळी टाकी वाहू लागली, वरच्याने बटण दाबून धरले आणि खालच्यानेही त्याच वेळी दाबले. दोन्ही घंटा सुटल्या, दोन्ही बॅटऱ्या एकापुढे एक लागल्या आणि बारा व्होल्टच्या वाटेत केवळ तार उरली. अर्धा चौरस मिलिमीटरच्या तीस मीटर तारेचा रोध जाऊन-येऊन जेमतेम दोन ओहम भरतो. खालचा सेलचा डबा मऊ होऊन एका बाजूला बसला आणि त्या वासाने पहिल्या मजल्यावरच्या काकू चप्पल न घालता खाली आल्या. दोन्ही प्लस एकाच पदरावर असते तर काहीही झाले नसते. दोघांच्याही घंटा क्षणभर गप्प राहिल्या असत्या, इतकेच. म्हणून पुन्हा सांगतो, दोन रंगांची तार मिळाली तरी खूण करावी, कारण मध्ये कुठे जोड आला की तिथेही रंग बदलू शकतो.

बेलचे साधे पुश दोन स्क्रूंचे असते, ते चालणार नाही. जिन्याच्या टू-वे स्विचला तीन पॉइंट असतात खरे, पण तो आपोआप परत येत नाही. कोणी तसाच टाकून गेले की ते टोक बहिरे होते आणि समोरची घंटा सेल संपेपर्यंत वाजत राहते. लॅमिंग्टन रोडवर मायक्रो स्विच, म्हणजे बोट काढताच आपोआप परत येणारा तीन टोकांचा छोटा स्विच, मागावा: सी (सामाईक टोक) ला खुणेचा पदर, एनसी (मोकळे असताना जोडलेले टोक) ला घंटा, एनओ (दाबल्यावर जोडले जाणारे टोक) ला प्लस. खुणेचा पदर, हे लक्षात असू द्यावे.

प्रत्येक बॅटरीच्या प्लसवर एक अँपिअरचा फ्यूज घालावा; माझ्याकडे तो नव्हता. तार घरातल्या विजेच्या पाइपातून नेऊ नये. गच्चीवरच्या पेटीत तार खालून घ्यावी आणि शिरण्याआधी तिला थोडी झोळ द्यावी, म्हणजे जूनमध्ये पाणी आत न जाता तिथेच ठिबकेल. पक्कड, टेप, स्क्रू वगैरे ज्याचे त्याने पाहावे.

शेवटी खालचे बटण कोणाला तरी दाबून धरायला सांगून वर दोन्ही पदरांना व्होल्ट मोजणारा मीटर लावावा. लाल टेपवर प्लस दिसलाच पाहिजे. नाही दिसला तर वरची बॅटरी जोडूच नये. मग दोघांनी एकदम बटण दाबून पाहावे, सेल गार राहिले पाहिजेत. संकेत लोकल गाडीतल्या गार्ड-मोटरमनच्या घंटेचेच घ्यावेत, दोन घंटा म्हणजे पंप सुरू, एक म्हणजे बंद, आणि ऐकणाऱ्याने तेवढ्याच घंटा परत द्याव्यात.