लहरी हवेतली मुक्त उड्डाण स्पर्धा : सोलापूरकरांसाठी तयारीची यादी

प्रतिकृती विमानांच्या मुक्त उड्डाण स्पर्धेला, म्हणजे फ्री फ्लाइट स्केलला, निघण्याच्या आदल्या रात्री पेटीत सर्वांत आधी पिळाचे साचे, म्हणजे पंख पिळला गेला आहे का ते तपासायचे पुठ्ठ्याचे तुकडे, ठेवावेत आणि ते ठेवल्याखेरीज दुसऱ्या कोणत्याही वस्तूला हात लावू नये. मागच्या स्पर्धेत माझे साचे कपाटावरच राहिले. पहाटेच्या चाचणीत व्यवस्थित चढणारे माझे पुष्पक मॉडेल, ढग दाटून हवा दमट झाल्यावर, हातातून सुटताच डावीकडे कलंडले आणि नाकावर आदळले. त्याआधी पंख नुसत्या डोळ्यांनी पाहून मी ते ठीक ठरवले होते. डोळ्यांना हा दोष दिसत नाही, एवढे या यादीतले पहिले कलम आहे.

कारण समजले, तर विसर कमी पडेल. बाल्सा या हलक्या लाकडाच्या सांगाड्यावर ताणून चिकटवलेला टिश्यू कागद दमट हवेत ओलावा घेऊन सैल पडतो आणि कोरड्या उन्हात आक्रसतो. डोपचे, म्हणजे कागद ताठ करणाऱ्या वार्निशासारख्या द्रवाचे, हात दिले, तरी हा फेरफार मंदावतो, थांबत नाही. दोन्ही पंखांवरचा ताण तंतोतंत सारखा कधीच नसतो, शिवाय विमान जमिनीवर ठेवले की एका पंखावर ऊन आणि दुसऱ्यावर माणसाची सावली पडते, आणि वाळवणात एका बाजूने ऊन लागलेला पापड वाकतो तसा पंख पिळला जातो. पंखाची रुंदी टोकाशी पाच सेंटिमीटर असेल आणि मागची कड केवळ दोन मिलिमीटर उचलली गेली, तर तेथील कोन सुमारे सव्वादोन अंशांनी बदलतो. रिमोटच्या विमानात एवढी चूक चालक बोटाने सावरतो. येथे सुटलेल्या विमानाला सावरणारे कोणी नाही. त्यातच मागून पाहिल्यास घड्याळाच्या दिशेने फिरणाऱ्या प्रोपेलरची प्रतिक्रिया विमानाला डावीकडे झुकवते आणि प्रोपेलर फिरवणाऱ्या, पूर्ण फेरे दिलेल्या रबराच्या पहिल्या काही सेकंदांत ती सर्वाधिक असते. म्हणून डाव्या पंखाची उचल कमी करणारा पीळ उजव्या बाजूच्या तेवढ्याच पिळापेक्षा अधिक घातक ठरतो.

साचे करणे अवघड नाही, त्यामुळे सबब चालणार नाही. विमान नीट उडू लागले, त्याच दिवशी ते पेटीतल्या बैठकीवर पक्के बसवावे आणि पेटीच्या तळावर उभा राहील असा जाड पुठ्ठ्याचा तुकडा असा कापावा, की त्याची तिरकी वरची कड पंखाच्या टोकाला पुढून आणि मागून एकाच वेळी स्पर्श करील. प्रत्येक पंखासाठी वेगळा साचा हवा, शेपटीच्या आडव्या पंखासाठी आणखी एक, आणि प्रत्येकावर डावा-उजवा, पुढची बाजू व तारीख लिहिलेली हवी. मैदानावर साचा सरकवल्यावर एका कडेला फट दिसली, तर पीळ बदललेला आहे. मग थर्मासमधल्या गरम पाण्याच्या वाफेवर तो भाग क्षणभर धरून उलट दिशेने हलकेच पिळावा, वाळेपर्यंत तसाच धरावा आणि पुन्हा साचा लावून पाहावा. थर्मास चहासाठी नाही. ऊन बदलले, ढग आले, वारा फिरला, जेवण झाले, पंचांनी विमान हाताळले, यांपैकी काहीही घडले की रबराला फेरे देण्यापूर्वी साचे लावायचे; फेरे दिल्यानंतर लावून उपयोग नाही, कारण तेव्हा घाई असते आणि घाईत माणूस फट पाहूनही न पाहिल्यासारखे करतो.

आता हवेविषयी. सोलापूर पर्जन्यछायेत आहे म्हणून पावसाची काळजी नको, असे समजणाऱ्यांनी एप्रिल-मे महिन्यांतला वळीव एकदा उघड्या माळावर अनुभवावा. दुपारपर्यंत रखरखीत ऊन, मग पश्चिमेला काळा ढग, पावसाआधी धुळीचा लोट घेऊन येणारा गार वारा आणि पाठोपाठ टपोरे थेंब, हा सारा क्रम अर्ध्या तासातही उरकतो. जून-जुलैत वारा सतत वाहता असतो आणि मुक्त उड्डाणाला तो बहुधा झेपत नाही; पावसाचा खरा जोर येथे बहुधा सप्टेंबरात असतो. राहता राहिले थंडीचे महिने, तेव्हाची पहाट शांत असते, पण गवतावर दव असते, आणि दवात ठेवलेल्या विमानाचे काय होते ते वर सांगितलेच आहे. हवामान विभागाचा अंदाज आदल्या रात्री पाहावा, पण त्यावर विसंबू नये. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे विजेची पूर्वसूचना देणारे दामिनी हे ॲप फोनवर असावे आणि गडगडाट ऐकू आला की फेरी सुरू असो वा नसो, बांबूची काठी खाली ठेवून गाडीत बसावे. माळरानावर सर्वांत उंच वस्तू आपण आणि आपली काठी असते.

त्या काठीच्या टोकाला जुन्या कॅसेटची फीत बांधलेली असावी. फीत अगदी हलक्या हवेतही हलते आणि उन्हाने तापलेली हवा वर उठू लागली की ती वर उचलली जाते. सोलापुरात नऊ-दहाच्या सुमारास जमीन तापू लागते आणि मग थर्मल, म्हणजे वर चढणाऱ्या गरम हवेचे झोत, भराभर सुटतात. घारी एका जागी घिरट्या घालू लागल्या, तर तेथे हवा चढते आहे असे समजावे. मात्र कोरड्या शेतातून वावटळ उठताना दिसली, तर विमान छातीशी धरून पाठ फिरवावी, तिच्यात सोडण्याची हौस करू नये. उष्णतेचा आणखी एक परिणाम लोक विसरतात: शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ४६० मीटर उंचीवर आहे आणि २० अंशांच्या पहाटेपेक्षा ४० अंशांच्या दुपारी येथील हवा साधारण सहा टक्क्यांनी विरळ असते, म्हणजे तेच विमान थोडे अधिक वेगाने उडते आणि पहाटे जमवलेले ट्रिम, म्हणजे विमान नीट उडण्यासाठी केलेली जुळवाजुळव, दुपारी जसेच्या तसे लागू पडत नाही. ट्रिम बदलण्यापूर्वी, पुन्हा सांगतो, साचे लावून पाहावेत. पीळ आलेल्या पंखावर ट्रिम जमवत बसणे म्हणजे चुकीवर चूक रचणे होय. नाकाखालची पाचर बदलून किंवा शेपटीवर मेण लावून विमान तात्पुरते सरळ उडेलही, पण तासाभराने पीळ उतरला की तीच दुरुस्ती त्याला पाडते.

विमानाची निवड एव्हाना झालेली असेल, तरी एक सूचना. ३३ सेंटिमीटर, म्हणजे १३ इंचांच्या मर्यादेतली पीनट मॉडेले झुळुकीतही भरकटतात. ती सभागृहात शोभतात. लहरी हवेसाठी उंच पंखाचे, म्हणजे पंख धडाच्या वर बसवलेले, पंखांना पुरेसा वरचा कोन असलेले आणि थोडे मोठे विमान घ्यावे. हिंदुस्थान एरोनॉटिक्सचे पुष्पक मला त्यासाठीच आवडते: १९५८ साली पहिले उड्डाण केलेले हे साधे उंच पंखी विमान पुढे फ्लाइंग क्लबांत शिकाऊ विमान म्हणून वापरले गेले, आणि १०.९७ मीटरचा त्याचा पंखविस्तार अठरापट लहान केला, की ६१ सेंटिमीटरचे आटोपशीर मॉडेल होते. ज्यांनी एनसीसीच्या हवाई शाखेत एरोमॉडेलिंग केले आहे, त्यांना असे विमान परके वाटणार नाही.

रबराची वेगळी पेटी असावी आणि ती अंधारी व थंड असावी. ऊन व उष्णता रबराचा जीव खातात. प्रत्येक लडीवर वजन, लांबी आणि किती फेरे दिले ते लिहिलेले असावे, नवी लड आधी थोडी मुरवलेली असावी, सिलिकॉन वंगण बाटलीत असावे. फेरे देताना लड चार ते पाच पट ताणावी, निम्मे फेरे ताणलेल्या स्थितीतच द्यावेत आणि मग हळूहळू पुढे येत उरलेले. संरक्षक नळी वापरावी, कारण लड विमानात तुटली तर आतल्या सांगाड्याचा चुरा होतो. झोडपणाऱ्या वाऱ्यात पूर्ण फेरे देऊ नयेत. उंची थोडी कमी मिळेल, पण विमान मंगळवेढ्याच्या दिशेने निघून जाणार नाही.

निघून जाण्याचा विषय आला म्हणून डीटी, म्हणजे डीथर्मलायझर. थर्मलमध्ये सापडलेले विमान खाली आणण्यासाठी शेपटीचा आडवा पंख उचलणारी ही यंत्रणा प्रतिकृती करणाऱ्यांना रूप बिघडवते म्हणून नकोशी वाटते, पण सोलापुरातल्या थर्मलपुढे रूपाचा हट्ट टिकत नाही. जळत्या वातीचा डीटी फेब्रुवारीनंतरच्या वाळलेल्या गवतात वापरूच नये. एक ठिणगी पुरते आणि गवत कोणाच्या तरी जनावरांची वैरण असते. सिलिकॉन द्रव भरलेला टायमर बरा, मात्र उन्हात तापला की आतला द्रव पातळ होऊन तो लवकर सुटतो, म्हणून तो मैदानावर, सावलीत, घड्याळ लावून तपासावा. डीटी चाचणीच्या उड्डाणालाही लावायचा असतो. चाचणीतच सर्वाधिक विमाने हरवतात.

कागदपत्रांत त्रिदर्शन आराखडा, मूळ विमानाची छायाचित्रे आणि रंगांचा पुरावा हवा, आणि हे सर्व प्लॅस्टिकच्या पिशवीत हवे. स्थिर गुणांकनाच्या, म्हणजे विमान न उडवता नुसते पाहून गुण देण्याच्या, टेबलावर ओलसर, चिकटलेली छायाचित्रे पाहून पंच फारसे खूश होत नाहीत. स्थिर गुणांकनानंतर विमान परत हातात आले की साचे. पंच काळजीपूर्वक हाताळतात, पण ते विमान तंबूत, पंख्याखाली किंवा उन्हाच्या तिरिपेत किती वेळ पडून होते, हे तुम्हाला माहीत नसते. लाजू नका, पंचांसमोर साचे लावा.

मैदानाची पाहणी आधीच करावी. नान्नजचा माळ मोकळा व मोहक दिसतो, पण तो माळढोक अभयारण्याचा भाग आहे आणि तेथे या उद्योगाला जागा नाही. होटगी रस्त्यावरच्या विमानतळाच्या परिसराचाही विचार करू नये. तेथे आता प्रवासी विमाने ये-जा करतात. वाऱ्याच्या दिशेला कोणाची शेते आहेत ते विचारून आधीच परवानगी घ्यावी. डिसेंबर-जानेवारीत मालदांडी ज्वारी माणसापेक्षा उंच असते आणि तिच्यात पडलेले विमान तीन हातांवरूनही दिसत नाही, म्हणून ते उतरताना क्षितिजावरचे झाड किंवा टॉवर हेरून होकायंत्राने दिशा लिहून घ्यावी आणि मगच निघावे. आकाशाकडे पाहत धावू नये, कारण शेतांत कठडा नसलेल्या विहिरी असतात. पायांत बूट हवेत. विजेच्या तारेवर अडकलेले विमान सोडून द्यावे, काठीने ओढू नये. माळावरच्या गवताची कुसळे टिश्यूत सहज शिरतात, म्हणून विमान ठेवायला जाडशी सोलापुरी चादर न्यावी. ती उन्हात सावलीसाठीही धरता येते.

बाकीचे भराभर. ब्लेड, टाचण्या, पांढरा गोंद, झटपट चिकटणारा गोंद, टिश्यूचे तुकडे, सुटा प्रोपेलर, नाकाच्या पाचरी, वजनासाठी मेण, दुर्बीण, स्टॉपवॉच, वही, पाणी. विमानावर नाव आणि फोन क्रमांक. शेंगा चटणी-भाकरी न्यावीच, पण खाल्ल्यावर हात साबणाने धुवावेत, कारण टिश्यूवर पडलेला तेलाचा डाग निघत नाही. आणि साचे. पेटी बंद करण्यापूर्वी झाकण उघडून ते आत आहेत की नाहीत, ते डोळ्यांनी नव्हे, हात लावून पाहावे.

परतल्यावर रबर विमानातून काढून डब्यात टाकावे आणि कुसळे त्याच रात्री उपटावीत. मोडलेल्या फासळ्या दुसऱ्या दिवशी जोडल्या तरी चालते.