घरचं गॅरेज-वर्कशॉप किती मोठं बांधायचं? या चुका टाळा

गॅरेजमध्ये स्वतःचं वर्कशॉप करायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो, "किती स्क्वेअर फूट पुरतील?" हा प्रश्नच चुकीचा आहे. २४० स्क्वेअर फुटांची जागा १२ बाय २० ची असते, तशी १५ बाय १६ चीही असते. पहिलीत आठ फुटी फळी मशीनमधून सरळ आरपार काढता येते. दुसरीत ती समोरच्या भिंतीला टेकते, पण मधोमध मोठं टेबल टाकून चारही बाजूंनी काम करता येतं. क्षेत्रफळ तेच असलं तरी वर्कशॉप दोन वेगळी झाली. म्हणून स्क्वेअर फूट बाजूला ठेवा. तुम्ही जास्तीत जास्त केवढा माल हाताळणार आणि तो जागेत कसा फिरणार, हे आधी ठरवा. लांबी, रुंदी आणि उंची त्यातून आपोआप निघतात.

मशीन मोजलं, काम मोजलंच नाही

ही चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे की आता कुणी नकाशा दाखवायला आणला, तर आधी टेबल सॉ (टेबलातून वर आलेल्या फिरत्या पात्यानं लाकूड कापायचं मशीन) कुठे आहे ते बघतो. कागदावर टेबल सॉ म्हणजे अडीच-तीन फुटांचा चौकोन, आणि तो कुठेही बसतो. पण त्यावर प्लायवूडची ८ बाय ४ ची शीट उभी चिरायची असेल, तर सुरुवातीला पूर्ण आठ फूट शीट पात्याच्या अलीकडे असते आणि काप संपताना पूर्ण आठ फूट पलीकडे. म्हणजे १६ फूट नुसत्या शीटला लागले. मागे उभं राहून ढकलणाऱ्या माणसाला आणखी दोन-तीन फूट धरा. एका मशीनला एका रेषेत १८-१९ फूट मोकळी जागा हवी, आणि ती मशीनच्या मापात कुठेच लिहिलेली नसते.

माझ्या एका स्नेह्यांनी हौसेनं कपाटं करायची म्हणून गॅरेज बांधलं. आतली लांबी १८ फूट. मागच्या भिंतीला अडीच फूट खोलीचं वर्कबेंच पक्कं बसवलं आणि शटरच्या बाजूला टेबल सॉ ठेवला. पातं आणि बेंच यांत अंतर होतं सहा फूट. पहिलीच पूर्ण शीट चिरताना सहा फुटांवर तिचं टोक बेंचला जाऊन अडलं. दोन फूट काप बाकी, शीट पात्यात अडकलेली आणि पातं फिरतंय. त्या क्षणी मशीन बंद करून, पातं पूर्ण थांबू द्यायला हवं होतं. त्यांनी शीट मागे ओढली. फिरत्या पात्यावरून माल मागे ओढला की पात्याचे मागचे दात तो पकडतात आणि उचलून माणसाच्या दिशेनं फेकतात. तसंच झालं. शीट उसळून बरगडीला लागली. हाड मोडलं नाही, पण पुढे कित्येक दिवस त्यांना कुशीवर झोपता येत नव्हतं.

नंतर मला बोलावलं तेव्हा उपाय सोपा निघाला, पण आता तोडफोडीचा होता. बेंच मागच्या भिंतीवरून उखडून बाजूच्या भिंतीला नेलं. टेबल सॉ अशा जागी आणला की शटर उघडलं की शीटचा मागचा भाग बाहेर राहतो आणि पुढे आठ फूट मोकळे मिळतात. काम होतं, पण पाऊस किंवा जोराचा वारा असला की मोठी शीट कापणं बंद. लांबी चार फुटांनी वाढवली असती आणि बेंच सुरुवातीलाच बाजूला घेतलं असतं, तर यातलं काहीच करावं लागलं नसतं.

माझी स्वतःची सवय वेगळी आहे. मी पूर्ण शीट टेबल सॉवर चढवतच नाही. जमिनीवर थर्मोकोलची जाड शीट अंथरायची, त्यावर प्लाय टाकायचा आणि हातातल्या सर्क्युलर सॉनं, सरळ पट्टी क्लॅम्प करून, त्याचे ढोबळ तुकडे करायचे. मग लहान तुकडे टेबल सॉवर नेमक्या मापाला आणायचे. हे काम अंगणातही होतं. ज्यांना अशी सवय लावून घ्यायची तयारी आहे, त्यांना १६ फुटांची रेघ लागत नाही आणि गॅरेज बऱ्यापैकी लहान चालतं. म्हणजे तुमची कामाची पद्धत ठरल्याशिवाय जागेचं माप ठरत नाही. नवशिक्यांना हे सांगितलं की कंटाळतात. त्यांना आकडा हवा असतो, तोही आजच, कारण गवंडी उद्या येणार असतो.

टेबल सॉसारखाच हिशेब बाकीच्या मशीनांचा करा. रंध्याच्या मशीनला दोन्ही बाजूंना फळीच्या लांबीइतकी जागा लागते. ड्रिल प्रेसला मागे काही लागत नाही, पण लांब पट्टीला भोक पाडायचं तर डावी-उजवीकडे मोकळं हवं, म्हणून तो लांब भिंतीच्या मध्यावर, कोपऱ्यात नको. धातूच्या लेथवर लांब सळई स्पिंडलमधून, म्हणजे फिरणाऱ्या पोकळ दांड्यातून, घालायची असेल तर ती हेडस्टॉकच्या (स्पिंडल धरणाऱ्या डाव्या टोकाच्या पेटीच्या) डावीकडे बाहेर येते. तिथे भिंत असेल तर सळई कापूनच लावावी लागेल.

मालाचाही विसर पडतो. शीट उभ्या, लांब कडेवर ठेवल्या तर भिंतीची आठ फूट लांबी गेली, आणि रॅकमधून सरळ ओढून काढायच्या तर समोर आणखी आठ फूट रिकामे हवेत. ते आठ फूट म्हणजे तुमची चालायची वाट असेल तर हरकत नाही. तिथे मशीन असेल, तर प्रत्येक शीटसाठी मशीन हलवा.

"गाडीही राहील आणि कामही होईल"

हे वाक्य ऐकलं की मी आधी गाडीचं माप विचारतो. मध्यम आकाराची गाडी साधारण साडेचार मीटर लांब, म्हणजे १५ फूट, आणि सहा फूट रुंद. दोन्ही बाजूंची दारं नीट उघडून माणसानं उतरायचं तर प्रत्येक बाजूला अडीच ते तीन फूट धरावे लागतात. म्हणजे १२ बाय २० च्या गॅरेजमध्ये गाडी उभी केल्यावर उरतात लांबीतले पाच फूट. त्यात दोन फुटांचं बेंच आणि तीन फुटांची उभं राहायची जागा. व्हाइसमध्ये (बेंचला बसवलेल्या पकडीत) दोन फुटांची पट्टी धरून घासायला ते पुरतं. त्याहून मोठं काही करायचं तर गाडी बाहेर काढावीच लागते.

गाडी बाहेर काढून काम करणं ही वाईट व्यवस्था नाही, मशीनं लॉकवाल्या चाकांवर असतील तर उत्तमही आहे. अडचण येते ती अर्धवट कामाची. सरसाच्या जोडाला क्लॅम्प लावलेत, वार्निशचा हात ओला आहे, इंजिनाचा भाग उघडा पडलाय, अशा वेळी रात्री सगळं आवरून गाडी आत घ्यायला कुणीही तयार होत नाही. मग गाडी एक रात्र बाहेर राहते, नंतर आठवडाभर, आणि शेवटी कायमचीच. घरात यावरून होणारे वाद मी पाहिले आहेत. म्हणून बांधायच्या आधी घरच्यांसमोर प्रामाणिकपणे उत्तर द्या: गाडी रोज रात्री आत हवी का? "हो" असेल, तर गाडीची जागा नकाशातून पूर्ण वजा करा आणि उरलेल्या जागेत वर्कशॉप आखा. माझ्या मते गाडी आणि मध्यम सुतारकाम दोन्ही हवं असेल तर आतून २४ बाय २४ च्या खाली जाऊ नये.

शिवाय पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि जमिनीलगत पसरते. गाडी आत असताना ग्राइंडर किंवा वेल्डिंग चालवायचं नाही, जागा कितीही मोठी असली तरी. वेल्डिंगसारख्या कामाच्या ३५ फुटांच्या परिघात जळाऊ वस्तू नको, असा औद्योगिक सुरक्षेतला प्रचलित नियम आहे. घरच्या गॅरेजात ३५ फूट कुठून आणणार? म्हणून ठिणगीचं काम बाहेर, किंवा भिंतीपलीकडच्या शेडमध्ये. लाकडाचा भुसा आणि ठिणग्या एकाच खोलीत ठेवण्याचं कोणतंही कारण मला पटत नाही.

बाहेरचं माप सांगितलं

"२० बाय २०" असं सांगितलं आणि मिस्त्रीनं बाहेरून तेवढं बांधलं, तर नऊ इंची भिंती वजा होऊन आत साडेअठरा बाय साडेअठरा उरतं. ४०० पैकी जवळपास ५८ स्क्वेअर फूट भिंतींनी खाल्ले, आणि त्यावर गिलावा वेगळाच. नकाशावर "आतलं माप" असे शब्द लिहून घ्या.

उंचीचा विचार शेवटी केला

८ बाय ४ च्या शीटचा कर्ण जवळपास ९ फूट भरतो. आठ फुटी छताखाली ती आडवीची उभी फिरवताच येत नाही. दिवे धरून खाली १० फूट मोकळे ठेवा. गाडी उचलायची टू-पोस्ट लिफ्ट कधी बसवायची इच्छा असेल तर १२ फूट धरा, आणि तिच्या खांबांखालचं काँक्रीट किती जाड आणि किती ताकदीचं हवं ते लिफ्टच्या माहितीपत्रकातून आत्ताच बघून घ्या. लांबी पुढे वाढवता येते. छत उचलणं म्हणजे जवळपास नवं बांधकाम. शटर गुंडाळल्यावर त्याचा ड्रम दाराच्या वर जागा घेतो, तीही उंचीत मोजा.

उगाच अवाढव्य बांधलं

"जमेल तेवढं मोठं बांधा" हा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. मला तो अर्धाच पटतो. २० बाय २० चं २० बाय ३० केलं तर भिंतींची लांबी ८० वरून १०० फूट होते, म्हणजे पाव पट वाढ, आणि क्षेत्रफळ ४०० वरून ६००, म्हणजे दीडपट. इथवर मोठं बांधणं फायद्याचं. पण हीच वाढ रुंदीत केली तर छताचे बीम किंवा ट्रस (छत पेलणारे त्रिकोणी सांगाडे) लांब आणि जड होतात आणि खर्चाचं गणित बिघडतं. लांबीत वाढवा, रुंदी आटोक्यात ठेवा. कामाशी संबंध नसलेली रिकामी जागा मात्र घरातल्या जुन्या सामानानं भरते, हे नक्की. एकट्यानं सुतारकाम करणाऱ्याला आतून १६ बाय २४ मिळालं तर मी समाधानी असेन.

पुढे वाढवायची शक्यता असेल तर अरुंद बाजूच्या भिंतीत आत्ताच लिंटेल (दारावर असते तशी आडवी तुळई) टाकून ठेवा. नंतर त्याखालची भिंत फोडली की झालं.

आणखी काही, थोडक्यात

बांधकामाची परवानगी आणि हद्दीपासून सोडायचं अंतर आधी विचारा, स्वप्नं नंतर रंगवा. कंप्रेसर बाहेर, छोट्या हवेशीर खोपट्यात. जागा वाचते आणि कानही. प्लग पॉइंट जमिनीपासून चार फुटांच्या वर, नाहीतर टेकवलेल्या शीटमागे दडतात. गाडीसाठी फरशीला दाराकडे फुटाला एक सूत (इंचाचा आठवा भाग) उतार दिला, तर २४ फुटांत तीन इंच उतरतं. जिथे मशीनं बसणार तिथे सपाट कोबा मागा. कुणाच्या व्हिडिओतला नकाशा जसाच्या तसा उचलू नका, त्या माणसाचं काम तुमच्यापेक्षा वेगळं आहे.

पाया खणायच्या आधी एक दिवस काढा. मोकळ्या जागेवर खऱ्या मापात चुन्यानं भिंती आखा. मशीनांच्या जागी खोकी ठेवा, बेंचच्या जागी टेबल, आणि खरी आठ फुटी फळी हातात घेऊन एक काम सुरुवातीपासून शेवटापर्यंत करून बघा: रॅकमधून काढणं, कापणं, रंधणं, जोडणं, दारातून बाहेर नेणं. फळी जिथे रेघ ओलांडते तिथे खूण करा. बेंचसमोर तीन फुटांची वाट उरते का बघा, दोघं काम करणार असाल तर चार फुटांची. मग रेघा सरकवा आणि पुन्हा फळी घेऊन फिरा. मिस्त्रीला बोलवायचं ते त्यानंतर, आणि माप द्यायचं ते त्या शेवटच्या रेघांचं.