नामशेष प्रजातीचं नाव यादीतून वगळण्याच्या प्रस्तावावर हरकत किंवा सूचना कशी लिहावी

एखादी प्रजाती नामशेष झाली म्हणून तिचं नाव संरक्षित यादीतून काढायचा प्रस्ताव येतो, तेव्हा लोक हळहळतात आणि पुढच्या बातमीकडे वळतात. मी पक्ष्यांच्या नोंदी तपासण्याचं काम करते. माझी विनंती एवढीच, की हळहळण्याआधी तो मसुदा उघडून वाचा. हरकती आणि सूचनांची मुदत संपेपर्यंत तुमच्या शब्दाला वजन असतं.

इथे मी अमेरिकेच्या संकटग्रस्त प्रजाती कायद्याची पद्धत सांगते. तिथल्या मत्स्य व वन्यजीव सेवेची कागदपत्रं सगळ्यांसाठी खुली आहेत आणि सूचना कोणीही पाठवू शकतो. यादीतल्या प्रत्येक प्रजातीचा निदान दर पाच वर्षांनी आढावा घ्यावा लागतो. वगळण्याचा प्रस्ताव संघीय राजपत्रात छापला जातो, त्यावर सूचना मागवतात आणि साधारण वर्षभरात निर्णय व्हावा असा नियम आहे. प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो. सप्टेंबर 2021 मध्ये 23 प्रजाती वगळायचा प्रस्ताव आला, 21 प्रजातींचा अंतिम निर्णय ऑक्टोबर 2023 मध्ये झाला.

मसुदा उघडला की आधी दोन तारखा शोधा : प्रजाती यादीत कधी आली आणि शेवटची खात्रीशीर नोंद कधीची. ओहायोतल्या बिग डार्बी ओढ्यातला सायोटो मॅडटम हा छोटा मासा यादीत आला 1975 मध्ये, पण तो शेवटचा सापडला होता 1957 मध्ये. म्हणजे कायद्याचा हात पोचण्याआधीच तो बहुधा गेला होता. अशा वेळी ‘कायदा अपयशी ठरला’ असं लिहू नका, ते खरं नाही.

मग शोधाचा भाग वाचा. इथे घाई करू नका, सगळा निर्णय यावर उभा असतो. ‘इतकी वर्षं दिसला नाही’ हा पुरावा नव्हे. कोणी शोधलं, कोणत्या ऋतूत, दिवसा की रात्री, कोणत्या पद्धतीने? मॅडटम निशाचर आहे, त्यामुळे दिवसाच्या शोधाला फारसा अर्थ नाही. पक्षी असेल तर त्याचा आवाज माहीत असलेला माणूस जंगलात गेला होता का, हे बघा. हवाईतल्या माउई बेटावरचा पोऊली हा छोटा पक्षी 1973 मध्ये विज्ञानाला कळला. शेवटच्या काळात जे तीन पक्षी माहीत होते, त्यांतला पकडलेला एक 2004 मध्ये मेला आणि उरलेले दोन पुन्हा दिसले नाहीत. तिथे शोधही भरपूर झाला होता. असं प्रकरण असेल तर प्रस्तावाला पाठिंबा लिहा. मन जड होतं, तरी लिहा, कारण मेलेल्या नावाला धरून ठेवल्याने जिवंत प्रजातींचं भलं होत नाही.

शोध योग्य जागी झाला का, हेही विचारा. रानपिंगळा या आपल्याकडच्या छोट्या घुबडाचं उदाहरण मी नेहमी देते. 1884 नंतर त्याचा विश्वासार्ह नमुना, म्हणजे संग्रहात जपलेला पक्षी, नव्हता. मधे 1914 चा म्हणून गुजरातमधला एक नमुना पुढे आला होता, तो रिचर्ड माइनर्ट्झहागन या ब्रिटिश पक्षीसंग्राहकाने चोरलेल्या जुन्या पक्ष्याला खोटी चिठ्ठी लावून केलेली लबाडी निघाली. ती नोंद बाजूला ठेवून शोध घेतल्यावर 1997 मध्ये शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी रानपिंगळा सापडला. म्हणून मसुद्यातली प्रत्येक जुनी नोंद कोणत्या नमुन्यावर टेकली आहे, ते बघा.

शंका रास्त असली की फरक पडतो. त्या 23 मधून आयव्हरी-बिल्ड सुतारपक्षी असाच बाजूला राहिला. त्याची सर्वमान्य शेवटची नोंद 1944 ची, लुइझियानातली. पण नंतरच्या चित्रफिती आणि नोंदींवर तज्ज्ञांचं एकमत होईना. म्हणून 2022 मध्ये सूचनांची मुदत पुन्हा उघडली आणि 2023 मध्ये वगळलेल्या 21 प्रजातींत त्याला घेतलं नाही. त्या 23 मधली हवाईतली आणखी एक प्रजाती, एक वनस्पती, संरक्षित यादीत कायम राहिली, कारण नव्या पाहणीत तिच्याजोगा अधिवास मिळाला.

अधिवासाचा प्रश्न स्वतंत्र परिच्छेदात मांडा. नाव गेलं की त्या नावाने राखलेला अधिवासही कायद्यातून जातो. टेक्सासमधल्या सॅन मार्कोस गॅम्ब्युझिया या माशाबरोबर त्याच्या नावाचा नदीपट्टा यादीतून गेला. मात्र त्याच नदीत फाउंटन डार्टर मासा आणि टेक्सास वाइल्ड-राइस ही पाणवनस्पती यांच्यासाठी राखीव पट्टे आहेत. प्रत्येक ठिकाणी असा दुसरा आधार असतोच असं नाही. तो नसेल तर तिथल्या कोणत्या प्रजाती उघड्या पडतील, त्यांची नावं लिहा.

पत्र लहान ठेवा. प्रस्तावाचा दस्तऐवज क्रमांक वर, मग तुमचा मुद्दा, मग पुरावा. फोटो किंवा ध्वनिमुद्रण असेल तर तारीख, जागा आणि यंत्र नोंदवा, मूळ फाइल जोडा, कापलेली नको. ‘कृपया वगळू नका’ एवढंच लिहिलेल्या पत्रात अधिकाऱ्याला तपासण्यासारखं काही नसतं. पत्त्यासह वैयक्तिक तपशील घालू नका, पत्रं सार्वजनिक होतात.

अंतिम निर्णय छापून आल्यावर त्यातला सूचनांना दिलेल्या उत्तरांचा भाग वाचा. निर्णय सहसा तीस दिवसांनी लागू होतो. पुढे प्रजाती सापडलीच तर तिला यादीत परत घेता येतं, पण त्यासाठी प्रक्रिया नव्याने करावी लागते, म्हणून तुमच्या नोंदींच्या मूळ प्रती जपून ठेवा.