रोमचं एक दशक लिहिताय? या चुका टाळा

इ.स.पू. ४९ ते ४०. सेनापती ज्युलियस सीझरने फौजेसह रुबिकॉन नदी ओलांडून यादवी पेटवली तिथपासून त्याचा सरदार अँटनी आणि दत्तक मुलगा ऑक्टेव्हियन यांच्यातल्या ब्रुंडिसियम करारापर्यंत. या दहा वर्षांवर हौसेने लिहिणारे पुष्कळ, पण चुका ठरलेल्या.

सगळ्यात जुनं दुखणं तारखांचं. सीझरने प्रतिस्पर्धी पाँपेला हरवलं ती फार्सेलसची लढाई ९ ऑगस्ट ४८ची, म्हणून लोक बिनधास्त ऑगस्टचं ऊन रंगवतात. ती तारीख जुन्या रोमन पंचांगातली आहे. ऋतूच्या हिशेबाने तेव्हा जूनची सुरुवात होती, शेतातलं धान्य जेमतेम पिकत आलं होतं. रुबिकॉन जानेवारी ४९ मध्ये ओलांडली, तेव्हाही ऋतू नोव्हेंबरअखेरचाच. रोमन वर्ष ३५५ दिवसांचं, मेळ बसवायला मधूनमधून जादा महिना घालावा लागे. आपला अधिक मास गणिताने येतो. तिथे तो पुरोहितमंडळाच्या मर्जीवर. मंडळाचा प्रमुख खुद्द सीझर, आणि तो वर्षानुवर्षं गॉलच्या (आजच्या फ्रान्सकडच्या) मोहिमेवर! महिने घालायचे राहत गेले. शेवटी ४६ साली फेब्रुवारीत २३ दिवस आणि नोव्हेंबर-डिसेंबरच्या मध्ये ६७ दिवस कोंबले. ते वर्ष भरलं ४४५ दिवसांचं.

१ जानेवारी ४५ पासून नवी पद्धत सुरू झाली: ३६५ दिवस, दर चौथ्या वर्षी एक जादा. सीझर गेल्यावर पुरोहितांनी तीही बिघडवली. रोमन मोजणीत सुरुवातीचं वर्षही धरतात, त्यामुळे लीप वर्ष दर तीन वर्षांनीच येऊ लागलं. ३६ वर्षांत ९ ऐवजी १२ जादा दिवस पडले. पुढची काही लीप वर्षं गाळून ऑगस्टसला (म्हणजे पुढे सम्राट झालेल्या ऑक्टेव्हियनला) ते निस्तरावं लागलं.

म्हणून ४५ पूर्वीच्या तारखेपुढे सरळ 'रोमन पंचांग' लिहावं. नेटवर तारीख टाकून वार काढणं तर सोडाच: ती साधनं नंतरचं पंचांग तसंच मागे ताणतात, हा घोळ त्यांच्या गावीही नसतो.

शून्य साल नाही. ऑगस्टसचा जन्म २३ सप्टेंबर इ.स.पू. ६३, मृत्यू १९ ऑगस्ट इ.स. १४. बेरीज ७७, वजा एक ७६, आणि वाढदिवस महिन्यावर होता म्हणून वय ७५. खगोलशास्त्राच्या तक्त्यांत मात्र शून्य असतं. तिथलं −४३ म्हणजे इ.स.पू. ४४.

सीझर सम्राट नव्हता, तहहयात हुकूमशहा होता. ४४ सालच्या ऑक्टेव्हियनला 'ऑगस्टस' म्हणू नका, ती पदवी २७ची. क्लिओपात्राचं राजघराणं मूळचं मॅसिडोनियन ग्रीक. सीझरचा खून रोमच्या मुख्य चौकात, फोरममध्ये, नाही, पाँपेच्या नाट्यगृहाला जोडलेल्या सभागृहात झाला.

आता ब्रूटस. सीझरच्या खुनाच्या कटात या नावाचे दोन होते, आणि घाईत लिहिणारे दोघांचा एकच करून टाकतात. खुनाच्या दिवशी, १५ मार्चला, सीझर घरीच थांबणार होता. त्याला घरी जाऊन सभेला घेऊन आला तो डेसिमस. सीझरच्या मृत्युपत्रात दुय्यम वारस म्हणून नाव होतं तेही डेसिमसचंच. पुढे उत्तर इटलीतल्या म्युटिनात अँटनीने वेढा घातला तो याला, आणि ४३ मध्ये पळून जाताना मारला गेला तोही हाच. प्रसिद्ध ब्रूटस तो मार्कस. त्याचा शेवट ऑक्टोबर ४२ मध्ये फिलिपीला, आणि तिथेही लढाया दोन: पहिलीनंतर कटातला साथीदार कॅशियसने जीव दिला, दुसरीनंतर मार्कसने. नुसतं 'ब्रूटस' दिसलं की आधी साल बघा, मगच वाक्य पुढे न्या.