उदयपूर की म्हैसूर: शहर ठरवायच्या आधी एक फोन करा

मागच्या वर्षी लग्नाच्या वाढदिवसाला आम्ही उदयपूरला गेलो, पोरीला आईकडे ठेवून, सहा वर्षांत पहिल्यांदा दोघंच, आणि तीन दिवस कुणाच्या तरी लग्नात राहून परत आलो. आमच्या हॉटेलच्या लॉनवर लग्न होतं. लिफ्टमध्ये हळद लागलेल्या मावश्या, ब्रेकफास्टचा हॉल वऱ्हाडासाठी राखीव म्हणून आमचे पोहे खोलीत, आणि खिडकीखाली डीजे. रात्री दहानंतर लाउडस्पीकर लावू नये असा २००० सालापासून नियम आहे आणि खरंच दहाला डीजे बंद झाला, मी देवाचे आभार मानले, तर पहाटे पाचला विदाईचा बँड. तुळशीचं लग्न लागलं की माणसांची सुरू होतात हे आजीकडून लहानपणापासून ऐकलंय, तरी तिकिटं काढली नोव्हेंबरअखेरची. म्हणून या वर्षी उदयपूर की म्हैसूर असा घोळ सुरू झाला तेव्हा मी आधी कागद घेतला. तोच इथे टाकतेय.

पहिली गोष्ट, शहर नंतर, तारीख आधी. आपण उलटं करतो, शहराचे फोटो बघून प्रेमात पडतो आणि मग सुट्टी जमेल तशी चिकटवतो. आधी तारखा घ्या आणि भिंतीवरच्या कालनिर्णयमध्ये त्या आठवड्यात विवाह मुहूर्त आहेत का ते बघा. असतील तर उदयपूर जपून. तिथे नुसती गावातली लग्नं नसतात, देशभरातून लोक तलावाकाठी लग्न करायला येतात, आणि देवउठनी एकादशी (म्हणजे आपली कार्तिकी), आखा तीज (म्हणजे आपली अक्षय तृतीया) हे दिवस तर राजस्थानात न विचारता मुहूर्त धरले जातात. साधारण १६ डिसेंबर ते १४ जानेवारी सूर्य धनु राशीत असतो, आपला धनुर्मास, त्यांचा मलमास, तेव्हा लग्नं थांबतात. पण ख्रिसमस ते न्यू इयर सगळा गुजरात आणि अर्धी मुंबई तिथेच असते, त्यामुळे खरा मोकळा तुकडा जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापासून संक्रांतीपर्यंतचा. थंडी असते, स्वेटर न्या. दुसरा तुकडा चातुर्मासातला, ऑगस्टअखेर-सप्टेंबर. पाऊस बरा झाला असेल तर पिछोला तलाव भरलेला असतो, दुसरा तलाव फतेहसागर भरून वाहायला लागला की गाव बघायला लोटतं, आणि मुहूर्त नसतात. एप्रिल-मेचं नाव काढू नका.

म्हैसूरला हा त्रास कमी, कारण तिथली बरीच लग्नं कल्याण मंडपात होतात आणि सकाळच्या मुहूर्तावर उरकतात. पण तिथे दसरा आहे. नवरात्राचे दिवस आणि विजयादशमीची ती सोन्याच्या अंबारीची मिरवणूक बघायची असेल तर जरूर जा, पण तो निवांतपणा नव्हे, खोल्यांचे भाव विचारून बघा म्हणजे कळेल. आषाढातले शुक्रवारही टाळा, चामुंडी टेकडीवर दर्शनाला तुफान गर्दी असते. बाकी वर्षभर हवा बरी, गाव ७५० मीटरच्या आसपास उंचीवर आहे त्यामुळे उन्हाळाही अंगावर येत नाही.

आता तो फोन, हॉटेलला. कालनिर्णय बघून झालं तरी फोन करायचाच, कारण पैसेवाल्यांच्या लग्नांना मुहूर्तापेक्षा हॉटेलची तारीख महत्त्वाची असते. बुकिंगच्या ॲपवर हे कळत नाही. रिव्ह्यूमध्येही नाही, कारण रिव्ह्यू लिहिणाऱ्यांपैकी अर्धे त्या लग्नालाच आलेले असतात आणि त्यांना सगळं फार आवडलेलं असतं. "शांत आहे ना?" असं विचारू नका, "हाँ जी, एकदम शांत" हेच उत्तर येणार, आम्हालाही हेच आलं होतं. सरळ तारखा सांगून विचारा, "इन तारीखों में लॉन या बैंक्वेट की बुकिंग है क्या?" समोरचा जरा थांबला की समजून घ्या. मग दुसरा प्रश्न, शेजारी काय आहे? उदयपुरात मंगल कार्यालयाला वाटिका किंवा मॅरेज गार्डन म्हणतात, नकाशावर हॉटेल उघडून आजूबाजूला हे दोन शब्द दिसतात का बघा. आपल्या हॉटेलात लग्न नसून भिंतीपलीकडे असेल तर आवाज तोच, वर जेवणही नाही. उत्तर मेसेजवर लिहून घ्या आणि जायच्या चार दिवस आधी परत फोन करा, लॉनचं बुकिंग मधल्या काळातही येऊ शकतं. नवरा म्हणतो किती तेच तेच. त्याला पहाटे पाचचा बँड ऐकू आला नव्हता, तो घोरत होता.

मग जायला किती वेळ लागतो ते घराच्या दारापासून हॉटेलच्या दारापर्यंत मोजा, विमानाचे दोन तास धरू नका. आम्ही पुण्याचे. उदयपूरचं विमानतळ डबोकला, गावापासून वीसेक किलोमीटर, म्हणजे उतरल्यावर फार त्रास नाही, पण पुण्याहून सोयीच्या वेळेचं विमान नसेल तर मुंबई गाठावी लागते आणि त्यात सकाळ जाते. वांद्र्याहून रेल्वे आहे, रात्रभराची, रोज नसते, तीन दिवसांच्या सुट्टीत मी तरी बसणार नाही. म्हैसूरचं गणित फसवं आहे. बंगळूरपर्यंत विमान दीड तास, वाटतं आलंच, पण ते विमानतळ देवनहळ्ळीला, शहराच्या उत्तरेला, आणि म्हैसूर बरोबर उलट्या दिशेला, त्यामुळे अख्खं बंगळूर ओलांडल्यावर मग तो ११८ किलोमीटरचा नवा एक्सप्रेसवे सुरू होतो. चार-पाच तास धरा. विमानतळावरून थेट म्हैसूरला सरकारी फ्लायबस आहे, टॅक्सीवाल्याशी वाद घालण्यापेक्षा ती घ्या आणि झोपा. गंमत म्हणजे उदयपूर ते म्हैसूर अशी थेट, आठवड्यातून एकदा सुटणारी हमसफर रेल्वे आहे, ज्यांचं ठरतच नाही त्यांनी तीच पकडावी.

वार बघा. हे दुसरं महत्त्वाचं, फोनच्या खालोखाल. म्हैसूरच्या राजवाड्यावरचे ते जवळपास लाखभर दिवे रविवारी आणि सरकारी सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी सातला लागतात, थोड्याच वेळासाठी. लोक शुक्रवार ते रविवार जातात, रविवारी दुपारीच परतीला निघतात आणि मग म्हणतात काही विशेष नव्हतं. शनिवार ते सोमवार करा, एक रजा जाईल, जाऊ दे. जुना लाकडी राजवाडा १८९७ मध्ये जळाला आणि आत्ताचा १९१२ ला पूर्ण झाला, आत चप्पल चालत नाही, दुपारी दगड तापतो, सकाळी जा. उदयपुरात वाराचं एवढं नाही, पण पिछोल्यातली सूर्यास्ताची बोट जास्त महाग असते आणि तिला गर्दी असते. आम्ही नुसतं अंबराई घाटावर बसलो होतो, समोर सिटी पॅलेस, फुकट, आणि खरं सांगायचं तर तो अर्धा तास सोडला तर त्या ट्रिपमधलं मला काही आठवत नाही.

खोली घेताना उदयपूरच्या जुन्या गावात घेत असाल तर दोन प्रश्न: रिक्षा दारापर्यंत येते का आणि लिफ्ट आहे का. जुन्या हवेल्या असतात, जिने उभे, गल्ल्या इतक्या अरुंद की टॅक्सीवाला लांबच उतरवतो. गुडघे दुखत असतील तर फतेहसागरच्या बाजूला बघा, पण वाटिका आहेत का तेही बघा. हो, परत तेच. आणि लेक व्ह्यू म्हणजे गच्चीवरून तलाव दिसतो, खोलीतून दिसतोच असं नाही, फोनवर हेही विचारून टाका, तसाही फोन करताय ना? करताय ना?

दोघांनी मिळून एकदा कागदावर लिहा की जाऊन करायचंय काय. आमच्याकडे नवऱ्याची यादी होती कुंभलगड, रणकपूर, नाथद्वारा, एकलिंगजी, आणि माझ्या यादीत एकच शब्द होता, झोप. कुंभलगड पंच्याऐंशी किलोमीटरच्या आसपास आहे एका बाजूने, म्हणजे पूर्ण दिवस गाडीत. दोन रात्रींत एकही जमत नाही, शेवटी वाद मात्र जमतो. त्या मानाने म्हैसूर बरं, कारण बघायचं थोडं आणि जवळ: राजवाडा, सकाळी चामुंडी टेकडी (हजारेक पायऱ्या आहेत, मधल्या नंदीपर्यंत गाडीने जाऊन खालच्या बऱ्याच टाळता येतात, आम्ही टाळणार), देवराज मार्केटमध्ये मोगऱ्याच्या माळा आणि कुंकवाच्या राशी, फार तर श्रीरंगपट्टण. बाकी डोसा, कॉफी, म्हैसूरपाक, झोप. उदयपूरला खाणं चांगलंच पण जड, दाल-बाटी दुपारी खाल्ली की संध्याकाळ गेली.

पैसे दोन्हीकडे सारखेच लागतात, हॉटेलवर ठरतं. कॅन्सलेशन फुकट असेल तेच घ्या, शंभर-दोनशे जास्त गेले तरी, म्हणजे चार दिवस आधीच्या फोनवर लॉन बुक झालंय कळलं तर हलता येतं. कानात घालायचे बोळे मेडिकलमध्ये मिळतात, घ्या. आधारकार्ड दोघांची, चार्जर, औषधं, टोपी, सांगायला नको. पोरीचं डब्याचं वगैरे आईला लिहून द्या. ऑफिसचं मेल बंद.

बॅग आदल्या रात्री भरा, काय भरायचं ते तुमचं तुम्ही बघा, मी दमले.

आमचं म्हैसूर ठरलंय, शनिवार ते सोमवार. फोन दोनदा झाला, दुसऱ्यांदा नवऱ्याने स्वतःहून केला. शनिवारी लॉनवर पन्नास माणसांचं एक बारसं आहे म्हणे, बारा ते तीन. तेव्हा आम्ही फ्लायबसमध्ये असू.