चेट्टिपाळयमच्या पिटमधला माझा पहिला सीझन

मेकॅनिकलचा डिप्लोमा हातात पडल्यावर मी कोइंबतूरला एका टीमकडे हेल्पर म्हणून लागलो. एलजीबी फॉर्म्युला ४ च्या गाड्या, म्हणजे एका सीटच्या, उघड्या चाकांच्या रेसिंग गाड्या. डोक्यात टीव्हीवरचं फॉर्म्युला वन होतं, दोन-तीन सेकंदांत चार चाकं वगैरे. इथल्या शर्यती छोट्या, मध्ये चाकं बदलायची वेळच येत नाही. पहिल्या दिवशी पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकच्या कडेला गाड्यांचं काम चालतं तिथे, माझ्या हातात झाडू आला.

कोइंबतूरजवळच्या चेट्टिपाळयमचा करी मोटर स्पीडवे हा रेसचा ट्रॅक २००३ सालचा, जेमतेम दोन किलोमीटरचा. नाव एस. करिवर्धन यांचं. मारुती ८०० चं इंजिन बसवून फॉर्म्युला मारुती ही रेसिंग गाडी उभी करणारे तेच. एलजीबी फॉर्म्युला ४ मध्येही मागे मारुती एस्टीमचं १३०० सीसी इंजिन असतं, त्यामुळे गॅरेजमध्ये हात काळे केलेल्या पोराला इंजिन परकं वाटत नाही. मात्र सगळ्यांना गाडी तीच आणि इंजिनला हात लावायला नियमाने फारशी जागा नाही. उरतं काय? टायरमधली हवा, चाकांचे कोन, आणि ड्रायव्हर.

हवेवरूनच मी तोंडावर आपटलो. दुपारचं प्रॅक्टिस होतं. गाडी शेडच्या कडेला उभी, डावी बाजू उन्हात. गेज लावलं तर डावीकडे हवा जास्त. मी शहाणपणाने थोडी सोडली आणि चारही आकडे जुळवून टाकले. तीन लॅप मारून ड्रायव्हर आत आला, हेल्मेटची काच वर करून म्हणाला, "उजव्या वळणात गाडी आळसटते." आमच्या मुख्य मेकॅनिकने, म्हणजे अन्नांनी, डाव्या टायरवर तळहात ठेवला, मग माझ्याकडे पाहिलं. उन्हाने फुगलेली हवा मी जास्तीची समजून काढली होती. ट्रॅकवर चारही टायर तापले तेव्हा डावे मऊच राहिले. आणि उजव्या वळणात सगळा भार डावीकडेच येतो.

"कात्तु कम्मी," एवढंच अन्ना म्हणाले. कात्तु म्हणजे हवा. कम्मी मला कोणी समजावून सांगावं लागलं नाही.

तेव्हापासून टायर सावलीत, आणि वहीत आकड्याशेजारी वेळ. वही घ्याच, मोबाइल नको. ग्रीसच्या बोटांनी स्क्रीन चालत नाही.

उघडी चाकं एकमेकांना लागली की मागची गाडी पुढच्याच्या चाकावरून उडू शकते. नुसता धक्का बसला तरी विशबोन, म्हणजे चाक गाडीला धरून ठेवणारा दांडा, वाकतं, म्हणून गाडी परत आली की आधी तिथे बघायचं, पंखाच्या ओरखड्यांकडे नंतर.

पैशांचं सांगतो. सीझन म्हणजे मोजके वीकेंड, त्यावर घर चालत नाही. मी आठवडाभर वर्कशॉपमध्ये नोकरी करत होतो. ड्रायव्हर व्हायचं असेल तर एफएमएससीआयचं, म्हणजे देशातल्या मोटरस्पोर्टच्या संघटनेचं, लायसन्स लागतं आणि खिसा बराच खोल लागतो. मेकॅनिकला सुरुवातीला झाडू पुरतो.